मारणारे सगळेच, मार खाणारा कोण? (कॉमिक्स, सिनेमा आणि केज)

उलटा_पंजा

घोटा मुरगळून पंधरा दिवस पलंगावर पडलोय. दिवसा जुनी कॉमिक्स, संध्याकाळी मारामारीचे सिनेमे आणि रात्री झोप येईना की बॉक्सिंगच्या आणि एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ठोसे-लाथा-कुस्ती सगळं चालणाऱ्या) जुन्या लढती, असा रतीब चालू आहे. तिन्ही गोष्टी एकाच दमात पाहिल्यामुळे डोक्यात एक किडा शिरलाय. तो इथे सोडतो, म्हणजे मला झोप लागेल. अभ्यास वगैरे काही नाही, निव्वळ फॅनगिरी. हलकेच घ्या.

तर किडा असा. मारामारीबद्दल बोलताना आपण कायम मारणाऱ्याचं कौतुक करतो. काय ठोसा, काय किक, काय चपळाई! पण ठोसा जबरदस्त होता हे आपल्याला सांगतं कोण? ज्याला तो बसला तो. त्याची मान कशी गेली, गुडघे कधी वाकले, चेहऱ्यावर काय आलं, यावरून आपण ठरवतो. मारणारा नुसता हात फिरवतो, लढत उभी करतो तो मार खाणारा.

हे एकदा डोक्यात बसलं की सगळंच वेगळं दिसायला लागतं. 'कॅप्टन अमेरिका'च्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ घ्या. अंकावर तारीख मार्च १९४१. अमेरिका अजून युद्धात उतरलीही नव्हती आणि जो सायमन-जॅक कर्बी या जोडगोळीने कॅपकरवी थेट हिटलरच्या थोबाडावर ठोसा हाणून घेतला. सगळ्यांना आठवतो तो कॅपचा हात. पण चित्र नीट बघा, हिटलर ज्या पद्धतीने मागे कोलमडतोय त्यामुळे तो ठोसा 'बसतो'. कर्बी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या गल्ल्यांत मारामाऱ्या करत वाढलेला माणूस. खाल्ल्याशिवाय असं काढता येत नाही.

किंवा स्पायडरमॅन. १९६२ सालच्या 'अमेझिंग फँटसी'च्या १५व्या अंकात कोळी चावल्यावर पीटर पार्कर पहिलं काय करतो? जग वाचवायला नाही निघत. क्रशर होगन नावाच्या पैलवानासमोर तीन मिनिटं टिकला तर शंभर डॉलर, अशी पाटी वाचून रिंगमध्ये उतरतो. २००२च्या सिनेमात हाच प्रसंग पिंजऱ्यात आहे आणि समोर उभा केलाय रँडी सॅव्हेज, म्हणजे अख्खा जन्म रेसलिंगमध्ये काढलेला माणूस. त्या पोराचे हातपाय काडीसारखे, पण सॅव्हेज असा काही मार खातो की आपण निमूट विश्वास ठेवतो. सिनेमातला स्पायडरमॅन मला पहिल्यांदा खरा वाटला तो त्या प्रसंगात, आणि त्याचं श्रेय मी सॅव्हेजला देतो.

याउलट अलीकडचे सुपरहिरो सिनेमे. माणूस तीन इमारतींतून आरपार जातो, उठतो, खांदे झटकतो आणि एक विनोद मारतो. अरे, त्याला दुखतच नसेल तर मी कशाला काळजी करू? अडीच तास नुसती आदळआपट.

म्हणून माझा क्रम: पहिला नंबर कॉमिक्स, दुसरा खऱ्या लढती, आणि सिनेमा तिसरा, तोही बराच मागे. या आता, तुटून पडा.

रिकामी_खुर्ची

रुमाल टाकून ठेवते. सविस्तर नंतर.

तिसरा_राउंड

पंजाभाऊ, मुद्दा पटला, क्रम अजिबात नाही. मार खाणं हाच निकष असेल तर जिथे खरा मार खाल्ला जातो तो प्रकार दुसऱ्या नंबरवर कसा काय?

स्वतःचंच सांगतो. मी तीन वर्षं बॉक्सिंग केलं. स्पर्धा वगैरे नाही, फक्त स्पारिंग, म्हणजे सरावाच्या लढती. एकदा माझ्याहून बारीक पोरासमोर उभा होतो. त्याने डाव्या हाताचा हुक माझ्या उजव्या बरगड्यांच्या खाली मारला. लागला, पण विशेष काही नाही. मी मनात म्हटलंसुद्धा, एवढंच? आणि एक पाऊल पुढे टाकलं. ते पाऊल मला अजून आठवतं, कारण त्या पावलानंतर माझे पाय माझे राहिले नाहीत. डोकं लख्ख शुद्धीवर, ऐकू सगळं येतंय, आणि मी गुडघ्यांवर. मग कपाळ कॅनव्हासला टेकलं. श्वास आत जाईना की बाहेर येईना. डोळ्यांसमोर चिकटपट्टीचा एक तुकडा होता, कॅनव्हास फाटला होता तिथे लावलेला, कडा उचकटून तिला केस चिकटलेले. नव्वद सेकंद मी जगात फक्त तो तुकडा पाहिला.

याला लिव्हर शॉट म्हणतात. यकृत उजव्या बाजूला असतं, म्हणून डावा हुक. तिथे धक्का बसला की रक्तदाब धाडकन खाली येतो आणि शरीर परस्पर ठरवतं की आता बसायचं. तुमची जिद्द, तुमची तयारी, कुणी विचारत नाही. पण मधे तो एक सेकंद जातो. ठोसा बसून गेलाय, माणूस अजून उभा आहे, आणि त्याला स्वतःलाच अजून बातमी पोहोचलेली नाही. हा सेकंद कुठल्या कॉमिक्समध्ये आहे, दाखवा.

बघायचा असेल तर मिकी वॉर्ड आणि आर्टुरो गाटी यांची १८ मे २००२ची पहिली लढत बघा. नववा राउंड. वॉर्डचा डावा हात पोटात जातो, गाटी खाली बसतो आणि त्याचं तोंड असं वाकडं होतं की रडतोय की काय वाटावं. दहाच्या आत उठतो, वॉर्ड पुन्हा तुटून पडतो, आता रेफरी थांबवणार असं वाटत असताना हाच गाटी उलट मारायला लागतो. तीन मिनिटांत दोन्ही माणसं दोनदा संपतात आणि दोनदा परत येतात. 'द रिंग' मासिकाने त्या वर्षीची सर्वोत्तम लढत म्हणून हिची निवड केली होती. ही लढत पाहून झाल्यावर क्रम सांगा.

फ्रेम_मोजणारा

तिसरा_राउंड यांच्या प्रतिसादातली पट्टी आवडली. तिच्यासाठी +१.

आणि याच वॉर्डवर २०१० साली 'द फायटर' आला. ख्रिश्चन बेलला त्यासाठी ऑस्कर मिळालं. पण सिनेमा गाटीबरोबरच्या तिन्ही लढतींच्या आधीच संपतो! लोकांना वाटलं, अरे, मुख्य गोष्टच राहिली. मला वाटतं दिग्दर्शक शहाणा होता. तो नववा राउंड पडद्यावर करायला घेतला असता तर प्रेक्षक म्हणाले असते, काहीही दाखवतात.

इथेच मला पंजाशी भांडायचंय. सिनेमा तिसरा, कारण सुपरहिरोला दुखत नाही? हे म्हणजे चार फालतू कादंबऱ्या वाचून कादंबरी हा प्रकारच फालतू ठरवण्यासारखं झालं.

'रेजिंग बुल' (१९८०) घ्या. बॉक्सिंगच्या सिनेमात तोवर कॅमेरा बहुतेक वेळा प्रेक्षकांत बसलेला असायचा, दोरांच्या बाहेर. दिग्दर्शक स्कोर्सेसीने तो आत नेला आणि मार खाणाऱ्याच्या शेजारी ठेवला. त्याही पुढे जाऊन रिंगचा आकारच बदलत नेला. नायक जोरात असेल तेव्हा रिंग ऐसपैस, अडचणीत असेल तेव्हा वेगळीच. म्हणजे मार खाताना माणसाला जग कसं दिसतं ते सुतारकामातून दाखवलं. हे कॉमिक्सला जमेल कदाचित, पण खऱ्या लढतीला कधीच जमणार नाही. तिथे तुम्ही कायम बाहेरच.

दुसरं, 'क्रीड' (२०१५). त्यातली मधली लढत सलग एका शॉटमध्ये आहे, दोन राउंड, मधल्या विश्रांतीसकट. कट नाही म्हणजे नटाला लपायला जागा नाही. दमलेला माणूस दमलेलाच दिसतो.

तिसरं, जॅकी चॅन. हॉलिवूडमध्ये ठोसा बसायच्या क्षणी कट मारतात, कारण ठोसा खोटा असतो. जॅकीच्या हाँगकाँगमधल्या सिनेमांत नेमका तोच क्षण लांबून, पूर्ण शरीर दिसेल असा दाखवतात, आणि गरज पडली तर जवळून पुन्हा एकदा. आणि त्याचा नायक मारून झाल्यावर हात झटकतो! 'आई गं, माझंच दुखलं' असं. अख्ख्या अॅक्शन सिनेमात मारणाऱ्यालाही लागतं हे इतकं मनापासून कुणी सांगितलं नाही. वर शेवटी नामावलीबरोबर त्याचे खरे पडण्याचे, हाडं मोडण्याचे तुकडे. पंजा, तुझा सिद्धांत त्या माणसाने स्वतःच्या हाडांनी लिहून ठेवलाय आणि तू त्याला तिसऱ्या नंबरवर टाकतोस.

उलटा_पंजा

जॅकीचं नाव आल्यावर मी खिंडीत सापडलो. मान्य. 'अलीकडचे सुपरहिरो सिनेमे तिसरे, बाकी सिनेमे चर्चेला खुले' अशी दुरुस्ती करतो.

पण सुपरहिरोंमध्येही एक अपवाद आहे, तो मीच सांगायला हवा होता. २०१५च्या 'डेअरडेव्हिल' मालिकेच्या दुसऱ्याच भागातला कॉरिडॉर. सलग शॉटसारखी मारामारी, सगळे त्याचंच बोलतात. मला आवडतं ते वेगळंच. हिरो अर्ध्यावर दमतो, भिंतीला टेकतो. पाडलेले गुंड परत उठतात, कारण एका फटक्यात माणूस झोपत नाही. यात तर्क आहे. डेअरडेव्हिलचा बाप जॅक मर्डॉक बॉक्सर होता आणि ठरवून हरायला नकार दिला म्हणून मारला गेला, हे १९६४च्या पहिल्या अंकापासून आहे. मार खाऊन उभं राहणं ही त्या घरातली इस्टेटच म्हणा ना.

तिसरा_राउंड, तुमचा तो एक सेकंद मात्र डोक्यातून जात नाहीये.

निळी_शाई

मी कॉमिक्सच्या बाजूने बोलायला आले आहे, कारण इथे कॉमिक्सचा वकील नुसता मुखपृष्ठं दाखवतोय.

मी हौसेने कॉमिक्स काढते. पेन्सिल दुसरा कुणी करतो, शाई मी. त्यामुळे मारामारीची पानं शेकड्याने गिरवली आहेत. तर तिसरा_राउंड, तुमचा तो सेकंद कॉमिक्समध्ये कुठे असतो सांगू? दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत. पहिल्या चौकटीत हात निघालाय, दुसऱ्या चौकटीत माणूस खाली आहे. मधलं सगळं वाचणाऱ्याने स्वतःच्या पदरचं घालायचं. ज्याने लिव्हर शॉट खाल्लाय तो तिथे अख्खा सेकंद घालेल. ज्याने नाही खाल्ला, तो आयुष्यात त्याला बसलेली दुसरी कसलीतरी चपराक घालेल. सिनेमा तो वेळ तुमच्या वतीने ठरवून टाकतो, खरी लढत तर विचारतच नाही. कॉमिक्स म्हणतं, घे, तुला हवा तेवढा घे.

शाई करताना एक गोष्ट फार लवकर शिकले. ठोसा मारणाऱ्या हाताच्या रेघा कितीही जाड करा, जोर येत नाही. जोर येतो तो मार खाणाऱ्याच्या पायांत. पाय जमिनीला चिकटलेले काढले तर ठोसा मेलेला. एक टाच उचलली, बूट थोडा आत वळवला, की त्याच हाताला वजन येतं. मी एकदा पूर्ण पान पुन्हा केलं होतं एका टाचेपायी.

आणि इतका वेळ कुणी जपानचं नाव काढलं नाही याबद्दल निषेध. 'आशिता नो जो' हा मांगा (जपानी कॉमिक्स), १९६८ ते १९७३, लेखन इक्की काजिवारा, चित्रं तेत्सुया चिबा. जो या बॉक्सरचा प्रतिस्पर्धी रिकिइशी. आता गंमत बघा. चिबाने सुरुवातीला रिकिइशीला जोपेक्षा बराच धिप्पाड काढून ठेवला. पुढे दोघांची व्यावसायिक लढत लावायची म्हटल्यावर लक्षात आलं की हे तर एका वजनगटात बसूच शकत नाहीत! मग काय, रिकिइशीला भयानक वजन उतरवायला लावलं. तहानेने वेडापिसा झालेला, गाल आत गेलेला रिकिइशी हा त्या मांगातला सगळ्यात अंगावर येणारा भाग आहे, आणि त्याचं मूळ चित्रकाराच्या चुकीत आहे. लढत तो जिंकतो आणि लगेच मरतो. वाचक इतके हादरले की २४ मार्च १९७० रोजी टोकियोत त्याचा खराखुरा अंत्यविधी झाला. सातशेच्या आसपास लोक आले होते. कागदावरच्या माणसासाठी!

आज एमएमएमध्ये वजन उतरवताना लोक तराजूपर्यंत धरून आणावे लागतात, त्याच्या बातम्या वाचते तेव्हा मला दर वेळी तो आत गेलेला गाल आठवतो.

तिसरा_राउंड

पांढऱ्या पट्टीचं पटलं, शाईताई. माघार घेतो असं नाही, पण एक पाऊल मागे.

वजन उतरवण्याबद्दल बोलायला लागलो तर वेगळा धागा लागेल. लोकांना वाटतं लढत रिंगमध्ये होते. अर्धी लढत आदल्या दिवशी तराजूवर होऊन गेलेली असते. पाणी तोडलेला मेंदू ठोसा झेलायला अगदीच वाईट, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही सगळे करतात, कारण समोरचाही करतोय.

सडेतोड

एवढी चर्चा वाचली. एकच शंका. पंजांनी रँडी सॅव्हेजचं नाव घेऊन सुरुवात केली. म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईवालेही यात धरायचे का? ते सगळं खोटं असतं. आधी ठरवून केलेली नाटकं. गाटी-वॉर्डच्या शेजारी त्यांना बसवणं हा गाटी-वॉर्डचा अपमान आहे. कॉम्बॅट स्पोर्ट म्हणायचं तर स्पोर्ट हवा.

मुखवटा

आली काडी. मी याच प्रतिसादाची वाट बघत होतो.

सडेतोडराव, निकाल ठरलेला असतो हे खरं. पडणं ठरवता येतं, जमीन ठरवता येत नाही. २८ जून १९९८, 'हेल इन अ सेल', म्हणजे पिंजऱ्यातली लढत. अंडरटेकरने मॅनकाइंडला, म्हणजे मिक फोलीला, पिंजऱ्याच्या छतावरून खाली समालोचकांच्या टेबलावर फेकलं. उंची सोळा फूट. फोली स्ट्रेचरवरून उतरून परत वर चढला, मग छत तुटून आत रिंगमध्ये कोसळला. या वेळचं पडणं ठरलेलंही नव्हतं. कॅमेरा जवळ गेला तेव्हा त्याचा तुटलेला दात नाकाशी आलेला दिसत होता. निकाल माहीत होता म्हणून तो दात परत लागला का?

आणि पंजांचा मूळ मुद्दा रेसलिंगइतका कुठेच स्वच्छ नाही. तिथे 'सेल करणे' असा शब्दच आहे. समोरच्याचा फटका मोठा दिसावा म्हणून आपण लागल्यासारखं करायचं. चांगला रेसलर कोण? जो समोरच्याला मोठा करतो तो. म्हणजे मार खाणारा हाच खरा कारागीर, हे त्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

आता ज्यांना खोटं-खरं यांच्यात भिंत बांधायची आहे त्यांच्यासाठी एक साखळी देतो. १९६८ साली जपानमध्ये 'टायगर मास्क' नावाचा मांगा सुरू झाला. लेखक तोच इक्की काजिवारा, शाईताईंच्या 'जो'वाला. १९८१ मध्ये न्यू जपान प्रो-रेसलिंगने सातोरू सायामा नावाच्या तरुणाला तोच वाघाचा मुखवटा घालून रिंगमध्ये उतरवलं. पहिल्या लढतीत समोर डायनामाइट किड. लोक वेडे झाले, कारण कॉमिक्समधला माणूस खरोखर कॉमिक्ससारखा उडत होता. दोनेक वर्षांत सायामा तिथून बाहेर पडला, ठरवून केलेल्या लढतींना कंटाळून त्याने शूटो नावाचा खऱ्या लढतींचा प्रकार काढला. कधी? ऐंशीच्या दशकाच्या मध्यात. एमएमएच्या लढती भरवणाऱ्या यूएफसीची पहिली स्पर्धा १२ नोव्हेंबर १९९३ची. म्हणजे आज ज्याला आपण एमएमए म्हणतो त्याच्या एका मुळाशी कागदावरचा वाघ आहे. कॉमिक्समधून रेसलिंग, रेसलिंगमधून खरी लढत. पंजा, तुझा एक-दोन-तीन क्रम कुठे लावणार इथे?

मेक्सिकोचा एल सांतो तर आणखीच पुढचा. १९४२पासून चंदेरी मुखवटा घालून लढला, १९५२पासून त्याच्या नावाचं कॉमिक्स निघालं, मग पन्नासच्या वर सिनेमे. त्यांत तो रक्तपिपासू बायका आणि जिवंत झालेली प्रेतं यांच्याशी कुस्ती खेळतो, मुखवट्यासकट, प्रसंगी सूट घालून. जानेवारी १९८४ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात त्याने मुखवटा जरासा वर करून चेहरा दाखवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ५ फेब्रुवारीला तो गेला. त्याला पुरलं ते मुखवट्यासह. यातलं खोटं काय आणि खरं काय, तुम्हीच वेगळं करून दाखवा.

सडेतोड

दाताचं माहीत नव्हतं. बरं, पडणं खरं, मान्य. पण स्पर्धा नाही म्हणजे नाही. खरे दोघे समोरासमोर आणले की काय होतं ते बॉक्सर मुहम्मद अली आणि जपानी रेसलर इनोकी यांनी दाखवलंच की. २६ जून १९७६, टोकियो. पंधरा राउंड इनोकी पाठीवर झोपून अलीच्या पायांवर लाथा मारतोय आणि अली भोवती फिरतोय. निकाल बरोबरी. प्रेक्षकांनी कचरा फेकला.

तिसरा_राउंड

त्या लाथांनी अलीच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, हेही सांगा की. कंटाळवाणी होती, पण खोटी अजिबात नव्हती. आज तशा लाथांना एमएमएमध्ये टाळ्या पडतात. प्रेक्षकच तयार नव्हते.

फ्रेम_मोजणारा

अवांतर: सिनेमाची पंचाईत हीच. खरी लढत पुष्कळदा एकतर्फी किंवा कंटाळवाणी असते. 'दंगल'चा शेवट शेवटच्या सेकंदापर्यंत ताणलाय. गीता फोगाटने २०१०ची ती फायनल प्रत्यक्षात आरामात जिंकली होती. आरामात जिंकण्यात गोष्ट नाही. उलट मार्च १९७५ मध्ये चक वेपनर नावाचा कुणाच्या खिजगणतीत नसलेला माणूस अलीसमोर पंधराव्या राउंडपर्यंत टिकला, नवव्यात अलीला त्याने खाली बसवलंही. लढत संपायला १९ सेकंद उरले असताना ती थांबवली. स्टॅलोनने ती पाहिली आणि 'रॉकी' लिहिला. त्या सिनेमात रॉकी हरतो हे अर्ध्या लोकांच्या लक्षातही नसतं.

रिकामी_खुर्ची

रुमाल उचलते. दोन दिवस विचार केला काय लिहावं.

मला तुमच्यासारखे सन-सनावळ्या पाठ नाहीत. मी लढती बघते त्या दोन राउंडच्या मधल्या एका मिनिटासाठी. स्टुलावर बसलेला माणूस. तिथे ना कॅमेरा हलतो, ना कुणी मारतं.

२० ऑगस्ट २०२२, एमएमएची लढत, लिऑन एडवर्ड्स विरुद्ध कमारू उस्मान. पहिला राउंड एडवर्ड्सचा, मग सलग तीन उस्मानचे. चौथ्यानंतर एडवर्ड्स स्टुलावर येऊन बसला तेव्हा त्याचे खांदे बघा. समालोचकही त्याच्याबद्दल भूतकाळात बोलायला लागले होते. कोच त्याच्यावर अक्षरशः खेकसत होता, आणि हा कुठेतरी लांब बघतोय. पाचव्या राउंडमध्येही चार मिनिटं तसंच. तिन्ही जजांच्या कार्डावर मागे. आणि ५६ सेकंद उरले असताना हाताची हूल दिली, उस्मानचं डोकं नेमकं त्या बाजूला झुकलं, आणि डाव्या पायाची किक. उस्मान उभ्याचा आडवा.

सगळे ती किक पुन्हा पुन्हा बघतात. मी किकपर्यंत जातच नाही. ते खांदे बघते आणि बंद करते. त्या खांद्यांकडे बघून कुणाला तरी कळलं असतं का? मला तर आता माहीत असूनही कळत नाही.

निळी_शाई

हे काढता येईल का, असा विचार करत बसले आहे. खांदे काढता येतील. पण पुढचं माहीत असलेल्या हाताने काढले तर त्यात कुठेतरी आशा डोकावणार. ती दिसता कामा नये. अवघड आहे.

उलटा_पंजा

खुर्चीताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी पुन्हा ती लढत लावली आणि खरंच, किक यायच्या आत थांबवली.

क्रम मागे घेतो. पण कॉमिक्सला हरवून जाणार नाही, म्हणून माझी सगळ्यात आवडती गोष्ट शेवटासाठी राखून ठेवली होती. मार्व्हलच्या 'टू-इन-वन'चा १९८२चा सातवा वार्षिक अंक. चॅम्पियन नावाचा एक परग्रहावरचा महाबली पृथ्वीवर येतो, सगळ्या ताकदवान हिरोंना बॉक्सिंगचं आव्हान देतो. हरलात तर ग्रह नष्ट. थॉर हातोडा वापरतो म्हणून बाद. हल्क निर्बुद्ध पशू म्हणून बाद. बाकीचेही काही बाद, काही आडवे. शेवटी उरतो बेन ग्रिम, द थिंग. तो जिंकणार नाही हे पहिल्या पानापासून माहीत असतं. तो नुसता मार खातो. पडतो, उठतो, पडतो, हाडं मोडलेली, तरी परत उभा. चॅम्पियन त्याला मारून मारून थांबतो आणि कबूल करतो की याला मोडता येईल, पण हरवता येणार नाही. आणि निघून जातो. जिंकायचा ठोसा न मारताच लढत फिरते.

मी अकरा-बारा वर्षांचा असताना हा अंक पहिल्यांदा वाचला तेव्हा चिडलो होतो, हिरो जिंकलाच नाही म्हणून. कालही वाचला. शाईताई, तुम्ही सांगितल्यापासून आता मी फक्त त्याचे पाय बघतोय. शेवटच्या पानांवर ते कसे काढलेत ते तुम्ही एकदा बघाच.

मुखवटा

आणि १९७८चं 'सुपरमॅन विरुद्ध मुहम्मद अली'? नील अॅडम्सची चित्रं, मुखपृष्ठावर प्रेक्षकांत १७२ ओळखीचे चेहरे. लाल सूर्याखाली सुपरमॅनची शक्ती जाते, अली त्याला धुऊन काढतो, तरी तो पडत नाही. शेवटी अलीच रेफरीला म्हणतो, थांबवा हे. तेव्हा कुठे सुपरमॅन तोंडावर आपटतो. तुझ्या बेनचा मोठा भाऊच की.

उलटा_पंजा

घ्या, हे विसरलोच होतो. आणि अंक बाजारात येईपर्यंत अली लिऑन स्पिंक्सकडून हरून बसला होता, वर्षाअखेरच्या आत त्याने किताब परत मिळवला ती गोष्ट वेगळी.

तिसरा_राउंड, तुमच्यासाठी खास: काल घोटा बरा वाटला म्हणून बिनधास्त उठलो. पाय टेकला. काही नाही. मनात म्हटलं, एवढंच? आणि एक पाऊल पुढे टाकलं.

तिसरा_राउंड

मग? समोर पट्टी होती का?

उलटा_पंजा

फरशीवर एक मेलेली मुंगी होती. नीट लक्षात आहे.